गोड, काल आणि पाय

भाषाविज्ञानाच्या तासाला सरांनी फळ्यावर दोन झाडे काढली. एका झाडाला संस्कृत-प्राकृताचे मूळ आणि मराठी, गुजराती, हिंदी, बंगाली अशा फांद्या; दुसऱ्याला तमिळ, कन्नड, तेलुगू, मल्याळम. पहिल्या झाडाच्या पूर्वेकडच्या एका फांदीवर, बंगालीच्या शेजारी, त्यांनी 'भोजपुरी' असेही लिहिले आणि म्हणाले, "आता ही भोजपुरी आणि ती मल्याळम. यांचे एकमेकींशी काही नाते नाही. दोन झाडे, दोन मुळे." सगळ्यांनी वहीत उतरवून घेतले. मीही घेतले. परंतु मनात आले, की सरांना एकदा आमच्या घरी न्यायला हवे. तिथे या दोन झाडांच्या मध्ये फक्त आमची खोली आहे.

नाशिकच्या सिडकोत आमच्या घरमालकांनी वरच्या मजल्यावर एका ओळीत तीन खोल्या काढल्या आहेत. मधली आमची. वडील साक्री तालुक्यातले गाव सोडून अंबडच्या एका कारखान्यात लागले, तेव्हापासून आम्ही इथे. डाव्या खोलीत एका खासगी रुग्णालयातली परिचारिका राहते. ती कोट्टयम जिल्ह्यातली. सुरुवातीला आम्ही तिला 'सिस्टर' म्हणत होतो. पुढे तिनेच सांगितले, की आमच्याकडे थोरल्या बहिणीला 'चेच्ची' म्हणतात. उजव्या खोलीत फरशी बसवण्याचे काम करणारा सिवान जिल्ह्यातला एक कारागीर आणि त्याची दीड वर्षापूर्वी गावाहून आलेली बायको. गल्लीत त्याला सगळे 'भय्या' म्हणतात. त्याच्या भाषेत 'भइया' म्हणजे मोठा भाऊ, मानाचा शब्द. तो आमच्या तोंडात आल्यावर त्याचे काय होते, ते वेगळे सांगायला नको. त्याच्या बायकोला मी भउजी म्हणते. ती मला बबुनी म्हणते, आणि चेच्ची मला मोळे म्हणते. दोन्हींचा अर्थ जवळपास एकच, पोरी.

तर डावीकडच्या भिंतीतून मल्याळम येते आणि उजवीकडच्या भिंतीतून भोजपुरी. मी आधी धरून चालले होते, की उजवीकडचे निम्मे तरी कळेल आणि डावीकडचे काहीच कळणार नाही. चेच्ची फोनवर बोलू लागली, की पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखे वाटे. पण कान सरावल्यावर त्या वाटाण्यांत ओळखीचे दाणे दिसू लागले. वेदन, संतोषम्, कुटुंबम्, विवाहम्. नवऱ्याला भर्ताव आणि बायकोला भार्या! आमच्या घरात कोणी 'भार्या' म्हणाले तर नाटकाची तालीम चालली आहे असे वाटेल. मल्याळमने शतकानुशतके संस्कृत शब्द घरात घेतले. त्या मिश्रणातून 'मणिप्रवाळम्' नावाची एक काव्यशैलीच उभी राहिली. म्हणजे मूळ परके, पण दागिने ओळखीचे.

भोजपुरीचे उलटे. तिचे दागिने ओळखीचे नाहीत, हाडे मात्र आहेत. 'ऊ आइल', 'ऊ गइल' हे ऐकले आणि मी चमकलेच. हिंदी 'आया, गया' म्हणते. आला-गेलामधला हा 'ल' आमचा, असे मला वाटत होते. तो हिंदीला मध्येच ओलांडून थेट गंगेकाठी कसा निघाला? सरांना विचारले, तेव्हा ते म्हणाले की मराठी, बंगाली, भोजपुरी या भाषांच्या भूतकाळात तो आहे. आमच्या नि सिवानच्या मध्ये एवढा मोठा मुलूख पडला आहे, आणि 'ल' दोन्ही टोकांना!

आता एक कबुली देते. या दोघींच्या बोलण्याला मी पुष्कळ हसले आहे. चेच्ची मला विचारते, "तुझा माय आला का?" भउजीचा नवरा सांगतो, "गाड़ी आ गया." दोघांनाही इथे येऊन वर्षे झाली, तरी बाईमाणूस आणि बाप्यामाणूस यांचा घोळ संपत नाही. गल्लीतली पोरे नक्कल करतात. मीही मैत्रिणींना करून दाखवली आहे, आणि चांगली करते म्हणून शाबासकी घेतली आहे.

मग एके दिवशी चेच्चीला विचारले, 'मी आले' हे तुझ्या भाषेत कसे म्हणायचे? ती म्हणाली, "ञान् वन्नु." आणि पुरुष असेल तर? "ञान् वन्नु." तो आला? "अवन् वन्नु." ती आली? "अवळ् वन्नु." आम्ही आलो, ते आले, सगळे 'वन्नु'. क्रियापद हलायलाच तयार नाही. तमिळमध्ये कर्त्याप्रमाणे क्रियापदाचे शेपूट बदलते. मल्याळमने ते कधीच गळून टाकले. पुरुषवाचक ते पुल्लिंगी, स्त्रीवाचक ते स्त्रीलिंगी आणि बाकीची सगळी सृष्टी नपुंसक, असा तिथला हिशोब. तेही क्रियापदाला कळवायचे नाही.

उजवीकडे गेले. भउजी म्हणते, "हम जात बानी." तिचा नवराही म्हणतो, "हम जात बानी." हिंदीत 'जाता हूँ' आणि 'जाती हूँ', मराठीत 'जातो' आणि 'जाते', पण भोजपुरीत 'मी' म्हटले, की बाई आणि बाप्या एकच. समोरच्याशी बोलताना मात्र तिला फरक कळतो. पुरुषाला 'तू जइबऽ' आणि बाईला 'तू जइबू'. मानाच्या पायऱ्यांना तर ती फार जपते. धाकट्याला तें, बरोबरीच्याला तू आणि आदराच्या माणसाला रउआ. परंतु गाडी, खुर्ची, पंखा यांना लिंग चिकटवून क्रियापदाला त्यांच्यामागे पळवणे तिला मान्य नाही. विचार करता मलाही कळेना, की पंख्याने असा काय पराक्रम केला आहे म्हणून तो 'तो', आणि खुर्चीने काय केले म्हणून ती 'ती'. टेबल बिचारे दोन्हींकडून गेले.

दोन झाडे, दोन मुळे, आणि चूक एकच. म्हणजे ती त्यांची चूक नव्हतीच. ते आपापल्या घरचा नियम आमच्या घरात पाळत होते.

हे सगळे मी घरी मोठ्या उत्साहाने सांगत होते, तेव्हा वडिलांची आई गावाहून आलेली होती. आम्ही तिला मोठीमाय म्हणतो. ती पाटावर बसून लसूण सोलत होती. मी तिला म्हटले, "मोठीमाय, तू जास का मंदिरमा?" ती म्हणाली, "जास ना." आणि मी तिथेच थांबले. मी जास. तू जास. तो जास. ती जास. बाई असो, बाप्या असो, अहिराणीत 'जास' ते 'जास'. ज्या गोष्टीचे मी दोन भिंतींपलीकडे जाऊन संशोधन करत होते, ती माझ्या चुलीशी बसलेली होती. गावी असेपर्यंत मीही 'मी जास' म्हणत होते. पाचवीत नाशिकच्या शाळेत आले. पहिल्याच आठवड्यात उभे राहून म्हणाले, "बाई, मी रोज शायामा पायी जास." वर्ग हसला. मला फळ्याजवळ उभे करून 'शाळा' हा शब्द म्हणायला लावला, जीभ वळेपर्यंत. जीभ वळली. त्यानंतर घराबाहेर अहिराणी बोलले नाही. मला झालेल्या या शिक्षणाचाच उपयोग मी चेच्ची आणि भउजीला हसायला करत होते, हे त्या दिवशी लसणाच्या सालांकडे पाहताना कळले.

'ळ'ची गोष्ट पुढे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो. डोळा तो डोया, फळ ते फय, केळ ते केय. भोजपुरीत 'ळ' नाही, 'ण' नाही आणि 'श' असून नसल्यासारखा. त्यामुळे भउजीचा नवरा 'शाळा' म्हणायला जातो आणि तोंडातून 'साला' निघते. यावरून एकदा मुख्याध्यापकांच्या बंगल्यावर फरशी बसवताना गंभीर प्रसंग ओढवला होता म्हणे. चेच्चीला मात्र 'ळ' आणि 'ण' पाण्यासारखे येतात. 'बाळ' हा शब्द ती माझ्यापेक्षा चांगला म्हणते. शिवाय तिच्याकडे आणखी एक अक्षर आहे, ते 'ळ'ही नाही आणि 'र'ही नाही. जीभ मागे नेऊन टाळूला न टेकवता सोडायची. पिकलेले केळे म्हणजे 'पऴम्', पाऊस म्हणजे 'मऴ'. मी तासभर खटपट केली आणि शेवटी माझ्या तोंडून निघाले 'पयम्'! मला वाटले, आता चेच्ची सूड उगवणार. ती हसलीच, पण वेगळ्या कारणाने. म्हणाली, "अगं, मलबारकडची कितीतरी माणसे असेच म्हणतात. मऴला मय, कोऴिक्कोडला कोयिक्कोड. आम्ही कोट्टयमची माणसे त्यांना हसतो." ज्या भाषेला राज्य आहे, वर्तमानपत्रे आहेत, विद्यापीठ आहे, तिच्या पोटातही कोणी तरी कोणाच्या 'य'ला हसतच आहे.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला घेतला, तो सांगते. तो सांगायला मला फारशी हिंमत होत नव्हती.

गेल्या श्रावणात भउजीला आठवा महिना चालू होता. नवरा आठवडाभर इगतपुरीकडे कामावर होता. दोन दिवस ती माझ्या मायला सारखे म्हणत होती, "गोड़ फूलल बा, गोड़ फूलल बा." आम्ही काय समजावे? दिवस गेलेली बाई 'गोड गोड' करते आहे. माय म्हणाली, डोहाळे बाकी उशिरा लागले हो! शेजारच्या काकूंनी शिरा करून दिला. मी स्वतः वाटी घेऊन गेले. भउजीने वाटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि दोन घास खाल्ले. तिला काय वाटले असेल कोण जाणे. दुसऱ्या दिवशी ती उलटीसारखे करू लागली, तेव्हा माय तिला एका दवाखान्यात घेऊन गेली. मीही बरोबर होते. भउजी तिथे म्हणाली, "कपार बथता." खिडकीतला माणूस म्हणाला, हिंदीत बोला. ती गप्प झाली आणि पदर तोंडावर ओढून घेतला. तेव्हा माय आणि मीच पुढे होऊन सांगितले, की हिने काल गोड खाल्ले, पित्त झाले असेल. पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. त्या माणसाला दोष देणे सोपे आहे. परंतु त्या दवाखान्यात भाषाविज्ञानाचा अभ्यास करणारी एकच मुलगी उभी होती, आणि तिनेही विचारले नाही.

रात्री चेच्ची कामावरून आली. मी तिला हे सगळे गंमत म्हणून सांगितले. 'गोड़ फूलल बा'ची नक्कलही केली. चेच्चीला 'गोड़' माहीत नव्हते आणि 'गोड'ही धड माहीत नव्हते, म्हणून की काय, ती हसली नाही. चपला तशाच घालून उजवीकडच्या खोलीत गेली. भउजी अंधारात पडून होती. चेच्चीने दिवा लावला, तशी भउजीने डोळे मिटून घेतले आणि कपाळावर हात ठेवून म्हणाली, "कपार... बहुत बथता." माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजाडले. कपार, कपाळ! मी म्हटले, "चेच्ची, कपाळ, डोके!" चेच्ची म्हणाली, "कपालम्?" तिच्या भाषेत कपालम् म्हणजे कवटी. ('बथता' म्हणजे दुखते. आपल्या 'व्यथा'चाच तो कोणी नातेवाईक, असे सर मागाहून म्हणाले.) मग तिने पांघरूण वर करून भउजीच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला, तरी खळगा तसाच राहिला. पाय पोटरीपर्यंत सुजलेले. भउजीने पायाकडे बोट केले आणि दमून म्हणाली, "गोड़."

भोजपुरीत गोड़ म्हणजे पाय. तीन दिवस ती पाय सुजले, पाय सुजले म्हणून सांगत होती आणि आम्ही तिला शिरा भरवत होतो.

चेच्चीने रक्तदाबाचे यंत्र आणले. १७० वर ११०. तिने रुग्णालयातल्या आपल्याकडच्या एका ज्येष्ठ परिचारिकेला फोन लावला आणि भराभर बोलू लागली. त्यात 'कालिल् नीरु' हे मला ऐकू आले. मी मध्येच म्हटले, "काल नाही चेच्ची, परवापासून आहे." मल्याळममध्ये 'काल्' म्हणजे पाय आणि 'नीरु' म्हणजे सूज. ती मला म्हणाली, "मोळे, रिक्षा आण." एवढे मराठी मात्र तिने अचूक म्हटले.

वाटेत चेच्चीने सांगितले, की गरोदरपणात रक्तदाब चढून डोके दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, पाय-हात सुजले, तर थांबायचे नसते. झटके येतात, आई आणि मूल दोघेही जाऊ शकतात. भउजी माझ्या खांद्यावर मान टाकून होती. मी तिचा हात धरला होता आणि मला तिच्या भाषेतला धीराचा एकही शब्द येत नव्हता. मी नुसते 'भउजी, भउजी' म्हणत होते. दोन दिवसांनी शस्त्रक्रिया करून मुलगी झाली. वजन जेमतेम पावणेदोन किलो. काही दिवस काचेच्या पेटीत राहिली. आता ती आमच्या गॅलरीत पाय झाडत पडलेली असते आणि तिन्ही खोल्यांतून तिला हाका जातात.

ती घरी आली त्या संध्याकाळी भउजी एकटीच हळू आवाजात सोहर म्हणत होती. सोहर म्हणजे मूल जन्माला आल्यावर बायका गातात ती गाणी. गावी असती तर दहा जणी जमल्या असत्या. तिची सासू फोनवर तिकडून म्हणत होती, ही इकडून. आम्ही आजवर भोजपुरी गाणे म्हणजे रिक्षातले धांगडधिंग्याचे, एवढेच समजत होतो. भउजीकडूनच भिखारी ठाकूर हे नाव कळले. १८८७ साली सारण जिल्ह्यात एका नाभिक कुटुंबात जन्मलेला हा माणूस पोटासाठी बंगालकडे गेला, परत येऊन त्याने स्वतःची नाटकमंडळी काढली आणि १९७१ मध्ये वारला. त्याचे 'बिदेसिया' हे नाटक कलकत्त्याला गेलेल्या नवऱ्याची आणि मागे राहिलेल्या बायकोची गोष्ट आहे. त्याच्याही आधी, १८३४ पासून, याच मुलखातली माणसे करारावर मॉरिशसला ऊस तोडायला गेली; तिथली भोजपुरी 'गीत-गवई' युनेस्कोने २०१६ मध्ये वारसा म्हणून नोंदवली. हे ऐकून चेच्ची म्हणाली, की तिचे वडील वीस वर्षे आखातात होते, आणि आखातातल्या नवऱ्याला बायकोने लिहिलेल्या पत्रांची गाणी त्यांच्याकडेही आहेत. भउजीचा दीर आताही आखातातच आहे. घर सोडून जाणे हे या दोन भाषांतले दुसरे साम्य. नियम वेगळे असले तरी वाट पाहणारी बाई तीच.

परंतु साम्याचे गोडवे गाऊन फरक झाकता येत नाही. रुग्णालयातल्या कागदावर 'भाषा' असा रकाना होता. भउजीचा नवरा म्हणाला, "हिंदी लिखिए." जिला हिंदी बोलता न आल्यामुळे हे सारे घडले, तिच्यापुढे 'हिंदी' असे लिहिले गेले. २०११ च्या जनगणनेत भोजपुरी ही आपली मातृभाषा आहे असे ५ कोटी ५ लाखांवर माणसांनी सांगितले आणि मल्याळम सांगणारे होते सुमारे ३ कोटी ४८ लाख. पण मल्याळम स्वतंत्र मोजली जाते आणि भोजपुरी हिंदीच्या बेरजेत मिळवली जाते. मल्याळमला १९५६ पासून केरळ हे आपले राज्य आहे, २०१२ मध्ये स्वतःचे विद्यापीठ मिळाले, २०१३ मध्ये अभिजात दर्जा. भोजपुरी आठव्या अनुसूचीतही नाही. तिची शेजारीण मैथिली २००३ च्या घटनादुरुस्तीने आत गेली. ही दारातच राहिली. तिची कैथी लिपीही गेली. आता जमिनीचे जुने कागद वाचायला गावात माणूस शोधावा लागतो, असे भउजीचा नवरा सांगतो. आणि सगळ्यांत मजेची गोष्ट म्हणजे आमची. त्याच जनगणनेत 'खानदेशी' नावाची स्वतंत्र नोंद आहे, अहिराणी तिच्यात येते, आणि ती सांगणारे साडेअठरा लाख आहेत. पाच कोटींना वेगळे घर नाही आणि साडेअठरा लाखांना आहे! मात्र त्या साडेअठरा लाखांत आमचे घर असेल असे मला वाटत नाही. आम्ही मराठीच सांगितली असणार. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा महाविद्यालयात पेढे वाटले. मी दोन खाल्ले. ते मनापासून खाल्ले, हेही सांगितले पाहिजे.

दिवाळीत मोठीमाय पुन्हा आली. तिने भउजीच्या मुलीचा ताबाच घेतला. सकाळी गॅलरीत उन्हाला पाय पसरून बसायचे, पायांवर पोर आडवी घ्यायची आणि तेल जिरवायचे. भउजी शेजारी. मोठीमाय अहिराणीत बोलते, भउजी भोजपुरीत, आणि दोघींचे तास तास चालते. मध्ये दुभाषी लागत नाही.

एकदा मी तिथेच बसून परीक्षेचा अर्ज भरत होते. भउजीने वाकून पाहिले. देवनागरी तिला वाचता येते. 'मातृभाषा' यापुढे मी 'मराठी' लिहीत होते. तिने मोठीमायकडे हनुवटी केली आणि विचारले, "आजी जवन बोलेली, ऊहो मराठी ह?" मी 'हो' म्हटले. मग 'नाही' म्हटले. मग पेन तसेच धरून बसले.

मोठीमायने विचारले, "काय म्हनी ऱ्हायनी ती?" मी सांगितले.

"टाक लिखी तुले जे लिखनं ते," ती म्हणाली, "आन् आठे तिना गोड धर पहिले, तेल सांडी जाई."